तळव्यात उतरलेले गाजर

मित्रांनो, माझ्या दातांना घाबरू नका. मी एक जुनी किसणी आहे, आणि या वयात कोणाला चावायची मला हौस उरलेली नाही. मी सांगणार आहे ते नावाला माझे चरित्र, पण त्यात माझ्यापेक्षा माणसाच्या पोटाचेच कौतुक जास्त आहे. इतकी वर्षे मी स्वयंपाकघरात काढली, डोंगराएवढा कीस पाडला, पण तो ताटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते हे मला ठाऊकच नव्हते. ते कळले त्या दिवशी मी जी थक्क झाले ती अजून भानावर आलेली नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. तो डब्यांना झाकणे बसवायचा, पिंपांना तोट्या लावायचा, आणि उरल्यासुरल्या पत्र्यातून आमच्यासारखी किरकोळ मंडळी घडवायचा. त्याने मला लाकडी ठोकळ्यावर आडवे केले आणि खिळा ठोकून भोके पाडायला घेतली. अर्ध्या अंगाला बारीक खिळा, अर्ध्याला जाड. प्रत्येक ठोक्याबरोबर पलीकडच्या बाजूला पत्र्याची धारदार कड वर यायची. तेच माझे दात. तुम्हाला दात येताना नुसता ताप येतो, मला तर एकेका दातासाठी मार खावा लागला. शेवटी त्याने माझ्या कडा दुमडल्या, तारेची मूठ बसवली आणि दारावर टांगून दिले.

शेजारी एका रंगाऱ्याचे दुकान होते. लोक विटलेले कपडे आणून द्यायचे आणि नव्यासारखे करून न्यायचे. या रंगाऱ्याने मला बायकोसाठी विकत घेतले. तो एरवी अबोल, पण रंगाचा विषय निघाला की त्याला आवरणे कठीण. तो सांगायचा, नुसत्या पाण्यात बुडवून कापडावर रंग चढत नाही, आधी तुरटीचे पाणी पाजावे लागते, मगच कापड रंग धरते. आणि एकदा कपड्यांची एक खेप हातात घेतली की ती पुरी होईपर्यंत पातेल्यात दुसरा रंग टाकायचा नाही. हे दोन नियम त्याने जन्मभर पाळले. कापडाच्या बाबतीत ते चांगलेच होते.

त्याच्या घरी माझे फार कौतुक झाले. बाई प्रेमळ होत्या. "ही आहे म्हणून माझा स्वयंपाक वेळेवर होतो," असे त्या पाहुण्यांना सांगायच्या, आणि मी खुंटीवर लटकल्या लटकल्या फुगायचे. पुढे त्या गेल्या. लोकांनी जुने कपडे रंगवायचे सोडून नवे घ्यायला सुरुवात केली, तसे दुकानही बंद झाले. रंगारी आता आजोबा झाले होते. ते मुलीकडे राहायला निघाले तेव्हा त्यांनी पेटीत चार सदरे भरले आणि मला त्यांत गुंडाळले. बाकी भांडी वाटून टाकली. मला का ठेवले, ते कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

नव्या घरी माझी किंमत शून्य झाली. ओट्यावर मिक्सर विराजमान होता, चकचकीत आणि चार बटणांचा. मला सिंकशेजारच्या खणात ढकलले गेले. तिथे एक तुटका चिमटा, बाटल्यांची झाकणे आणि संपलेले सेल अशी मंडळी होती. असंगाशी संग, दुसरे काय! मी गप्प पडून राहिले.

घरात एक तान्ही मुलगी होती. दिवस भरायच्या आधीच ती जगात आली होती, मूठभर जीव, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, बसस्थानकात तिकिटांच्या खिडकीवर बसायची. मुंगीचे वडील दूर एका धरणाच्या कामावर, अधूनमधूनच यायचे. मुंगी रांगायला लागली, पण वजन म्हणून वाढेना. आई कामावर जाताना दारातून दोनदा मागे वळायची.

"बाबा, तुमच्यावर सोडून चाललेय हं."

"जा गं निर्धास्त. मी डोळ्यांत तेल घालून बघतो."

"आणि तिच्या पोटात काहीतरी जाऊ द्या."

तेच तर जमत नव्हते. चमचा दिसला की मुंगी ओठ घट्ट मिटायची, आणि मिक्सर सुरू झाला की असा टाहो फोडायची की वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरून यायच्या. एका सकाळी आजोबांनी वैतागून मिक्सरची वायर काढली आणि माझा खण उघडला. मला धुतले, पुसले, धार तपासायला अंगठा फिरवला. मग एक गाजर माझ्यावरून खाली आले. खर्र, खर्र. मुंगीने मान वळवली आणि चक्क हसली! माझा आवाज ऐकून कोणी हसल्याचे ते पहिलेच उदाहरण.

सुरुवातीला आजोबा जाड बाजूने किसायचे आणि कीस नुसता पाण्यात शिजवायचे. मुंगी खायची, पण दुसऱ्या दिवशी लंगोट धुताना आजोबांचे तोंड उतरायचे. गाजर जसे आत गेले तसेच बाहेर आलेले. केशरी रंगाचा एकेक तुकडा ओळखू यावा असा.

"चढत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "रंग अंगी लागतच नाही. याला तुरटी पाहिजे."

घाबरू नका, त्यांनी मुलीला तुरटी खाऊ घातली नाही. बराच वेळ डोके खाजवून त्यांनी बारीक बाजू वर केली, कीस झाकण ठेवून अगदी मऊ शिजवला आणि त्यात लोण्याचा एक गोळा सोडला. लोणी वितळले मात्र, त्याचा पांढरेपणा गेला आणि वाटीत केशरी तवंग आला. पाण्याने जो रंग घेतला नव्हता तो लोण्याने ओढून घेतला होता. आजोबा वाटी उजेडात धरून बघतच राहिले.

त्या दिवसापासून मुंगीची भूक उघडली. वाटी चाटूनपुसून साफ व्हायची. लंगोटातले केशरी तुकडे कमी झाले, गाल भरले, वजनाचा काटा हलला. आईने एकदा विचारलेही, "बाबा, आज पुन्हा गाजर?"

"खातेय ना पोर? मग खाऊ दे. खेप अर्धी असताना रंग बदलू नये."

आई हसली. खाणाऱ्या मुलापुढे कोण वाद घालतो? गाजर नसेल तेव्हा लाल भोपळा यायचा, भोपळा नसेल तेव्हा आतून केशरी असणारे रताळे. मी दिवसभर केशरी असायचे. इतकी धार, इतकी चमक माझ्या अंगावर तरुणपणीही नव्हती.

आणि मग एका रविवारी काकू खाली आल्या. मुंगी खिडकीपाशी उन्हात बसली होती. काकूंनी तिचा पाय हातात घेतला आणि किंचाळल्याच.

"अगं बाई! हिचे तळवे बघितलेस का? हळद लावल्यासारखे! आणि हे नाक... डोळे मिटून सांगते, ही कावीळ आहे."

डोळे मिटून सांगण्याऐवजी त्यांनी डोळे उघडून मुंगीच्या डोळ्यांत पाहिले असते तर पुढचे बरेच टळले असते, पण उचलली जीभ लावली टाळ्याला ही काकूंची जुनी सवय. आईच्या तोंडचे पाणी पळाले. तिने मुंगीचे हात उलटे केले. तळहातही पिवळे, केशरीकडे झुकणारे. घरात रोज पिवळ्या दिव्यात बघत होते म्हणून कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

"बाबा, काय काय घातलंत हिला?"

"गाजर."

"आणखी?"

"भोपळा."

"आणखी?"

आजोबांचा आवाज अगदी खाली गेला. "रताळं."

आईने त्यांच्याकडे पाठ फिरवली. ते पाठ फिरवणे मला खणातल्या सगळ्या अपमानांपेक्षा जास्त लागले. तिने मुंगीला उचलले आणि चपला घातल्या. आजोबांनी मात्र एक पिशवी काढली. तिच्यात शिजवायचे पातेले गेले, लोण्याची बरणी गेली, उरलेले गाजर गेले आणि त्यावर मी. आई म्हणाली, "बाबा, हे काय चाललंय?" पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही. आम्ही सगळे खडखडत तिच्या मागून निघालो.

मुलांच्या दवाखान्यात गर्दी होती. दरवेळी आजोबा सरकले की पिशवी वाजायची आणि लोक वळून बघायचे. ते खाली मान घालून बसले होते. आजवर त्यांच्या हातून एखादे कापड बिघडले असेल, भरपाई देऊन मिटले असेल. या खेपेला पातेल्यात त्यांची नात होती.

डॉक्टरीणबाई उंच आणि शांत होत्या. त्यांनी मुंगीला खिडकीच्या उजेडात नेले, पापणी हळूच खाली ओढली आणि बराच वेळ पाहिले. मग नाकाचा शेंडा दाबला, तळवे पाहिले, लघवीचा रंग विचारला, पोट चाचपले. मुंगीने त्यांचा चष्मा ओढला.

"डोळ्यातला पांढरा भाग अगदी पांढरा आहे," त्या म्हणाल्या. "कावीळ असती तर आधी तिथे पिवळं दिसलं असतं. मला ही कावीळ वाटत नाही. खात्रीसाठी रक्त तपासू. काय खाते ही?"

आईने आजोबांकडे पाहिले. आजोबा उठले आणि पिशवीतली एकेक वस्तू टेबलावर मांडू लागले. पातेले. बरणी. गाजर. मी.

"हे सगळं कशाला आणलंत?"

"आमच्या धंद्यात रीत आहे, बाई. रंग बिघडला की गिऱ्हाइकापुढे सगळं साहित्य मांडायचं. लपवायचं नाही. चूक कुठं झाली ते तुम्ही सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मला हातात घेतले आणि बारीक बाजूवर बोट टेकवले. मित्रांनो, पुढे त्या जे बोलल्या ते मी शब्दन् शब्द जपून ठेवले आहे.

"गाजरातला रंग मोकळा नसतो, आजोबा. लहान लहान खोल्यांत कोंडलेला असतो, आणि त्या खोल्यांच्या भिंती चिवट. आपल्याला नीट चावता येतं, हिला चार दातसुद्धा नाहीत. तुमच्या या किसणीनं तिच्या वतीनं भिंती फोडल्या. शिजवल्यावर उरलेल्या सैल झाल्या. रंग सुटला. पण सुटून जाणार कुठे? हा रंग पाण्याशी बोलतच नाही. त्याला तेल-तूपच लागतं."

"म्हणजे लोणी!" आजोबा पुढे झुकले.

"लोणी. पोटात पित्त येऊन लोण्याचे इतके बारीक थेंब करतं की डोळ्यांना दिसायचे नाहीत. रंग त्या थेंबांत बसतो आणि थेंब आतड्याच्या अस्तरातून आत शिरतात. तिथून रक्तात. शरीर त्यातला थोडा घेतं आणि त्याचं अ जीवनसत्त्व करतं. डोळ्यांना, वाढीला लागतं ते. पण गरजेपुरतंच करतं. बाकीचा रंग अंगभर फिरतो आणि कातडीत जाऊन बसतो. जिथे कातडी जाड तिथे जास्त दिसतो, तळव्यांवर, तळहातांवर."

आजोबांनी मुंगीचा पाय हातात घेतला होता आणि ते त्याकडे असे बघत होते की जणू आयुष्यात पहिल्यांदाच रंग बघत आहेत.

"हे इथलं पिवळं," त्यांनी हळूच विचारले, "हे खरोखरचं गाजर आहे?"

"खरोखरचं."

मित्रांनो, मी त्या टेबलावर आडवी पडले होते, आणि माझ्या अंगावर काटा आला असता, पण तो आधीपासूनच आहे. जमिनीखाली अंधारात एका मुळाने रंग साठवला. तो माझ्या दातांतून गेला, लोण्यात विरघळला, पित्तात भिजला, रक्ताबरोबर फिरला आणि एका मुलीच्या पायाच्या तळव्यात येऊन थांबला. पोटात ना चूल पेटली, ना पातेले उकळले, ना कोणी काठीने ढवळले. मुंगी तर त्या वेळी झोपलेली असेल!

"मग बीट दिलं होतं एकदा, तेव्हा लंगोट लाल झाला होता तो?" आईने विचारले. तिचा आवाज आता जरा सुटला होता.

"बीटचा रंग पाण्याचा सोबती. पाण्याबरोबर येतो, पाण्याबरोबर जातो. कातडीत मुक्काम करत नाही. आणि पालकात हिरव्याच्या आड एक पिवळा लपलेला असतो, त्यालाही तेल लागतं. तो कुठे जातो माहीत आहे? थेट डोळ्यात. आतल्या पडद्यावर, जिथे आपल्याला सगळ्यात बारीक दिसतं, तिथे थर करून बसतो."

"म्हणजे माणूस रंग खातो आणि त्याच रंगातून रंग बघतो?" आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि लोणी म्हणजे आमची तुरटी."

"नाही हो," डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "तुमची तुरटी रंग धरून ठेवते ना? लोणी फक्त पोचवतं. ठेवायचं किती आणि सोडायचं किती, ते शरीर ठरवतं. आता केशरी भाज्या काही दिवस कमी करा, हा रंग आपोआप उतरेल. तिला त्रास काही नाही. पण एकच एक खाऊन पोर वाढत नाही, आजोबा. अति तिथे माती. सगळे रंग पोटात जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल चांगला आला. सगळ्यांच्या जिवात जीव आला, पण दुधाने तोंड पोळलेली आई आता ताकही फुंकून पीत होती. ती आजोबांना म्हणाली, "बाबा, तुमच्यावर राग नाही. पण मी खिडकीवर बसलेली असताना माझं सगळं लक्ष इकडे लागेल. मी मुंगीचं नाव पाळणाघरात घातलंय."

"बरोबर केलंस," आजोबा म्हणाले. "ती पोर आहे, कापडाचा तागा नव्हे. एवढं मला कळायला हवं होतं."

त्यांनी मला धुतले, पण पुसले नाही. तसेच ओले खणात ठेवले. हे त्यांच्या हातून आजवर कधी घडले नव्हते, त्यावरून मला त्यांच्या मनाची अवस्था कळली.

मग घर गप्प झाले. सकाळी मुंगी जायची, संध्याकाळी यायची. पाळणाघरातल्या बाई चांगल्या होत्या, सगळ्या भाज्या भरवत होत्या, त्यांच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. आजोबा दुपारभर खिडकीपाशी बसायचे. स्वयंपाकघरात यायचे, खणाच्या मुठीवर हात ठेवायचे आणि पाण्याचा पेला घेऊन परत जायचे. माझ्या दातांच्या बुडाशी तांबूस गंज धरला. जन्मभर दुसऱ्याचे रंग अंगावर मिरवले, आणि स्वतःचा म्हणून रंग मिळाला तो हा.

एका सुट्टीच्या दिवशी मुंगी अंगणातल्या चिखलात रांगून आली. आईने तिला सिंकमध्ये उभे केले आणि पाय धुऊ लागली. आजोबा ओट्यापाशी मटार सोलत होते. पाणी वाहत होते, मुंगी खिदळत होती, आणि मध्येच आईचा हात थांबला.

"बाबा."

"काय गं?"

"हिच्या तळव्यांवरचा रंग गेला."

आजोबांनी मान वर केली नाही. "जायचाच होता. बाई बोलल्या होत्या ना."

"हो. मला वाटलं होतं, तो गेला की मला बरं वाटेल." तिने नळ बंद केला. "रोज सकाळी तुम्ही किसत होतात, शिजवत होतात, गाणी म्हणून तिला एकेक घास भरवत होतात. मी कधी बघितलंच नाही ते. मला नुसता पिवळा रंग दिसला आणि मी घाबरले. तुम्ही घातलेला घास न् घास तिच्या अंगी लागला होता, बाबा. डोळ्यांना दिसत होता. आता पुसून गेला तो."

आजोबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पुसून नाही गेला. आत गेलाय. उभी राहतेय बघ, धरायलासुद्धा लागत नाही."

खरेच, आईने बोलता बोलता हात सोडला होता आणि मुंगी सिंकच्या कडेला टेकून स्वतःच्या पायांवर उभी होती. आईने घाईने तिला धरले आणि मग हसता हसता रडायला लागली. जरा वेळाने ती म्हणाली, "पाळणाघरात मी सांगून टाकते, मुंगी आता घरीच राहील. पण एक अट आहे, बाबा. रोज वेगळा रंग. खेप-बीप काही नाही."

"रोज वेगळा," आजोबा म्हणाले, "तुझी शपथ."

खण उघडला. उजेड माझ्या गंजलेल्या दातांवर पडला. आजोबांनी मला बाहेर काढले, चोळून चोळून घासले आणि या वेळी कोरडे पुसले.

आता मी रोज वेगळ्या रंगाची असते. काही दात बोथट झालेत, पण मुंगीला स्वतःचे आलेत, त्यामुळे काम भागते. मित्रांनो, मला ओले ठेवू नका, एवढेच माझे स्वतःसाठी मागणे. आणि एक तुमच्यासाठी. तुमच्या घरातही कोणीतरी रोज किसते, चिरते, शिजवते, वर तेलाची धार सोडते. ते सारे तुमच्या आत जाते आणि तुमचे डोळे होते, कातडी होते, उभे राहायचे बळ होते. तळव्यांवर दिसत नाही म्हणून ते केलेच नाही असे समजू नका. आज जेवून उठताना त्या माणसाची बोटे हातात घेऊन बघा. माझ्या दातांच्या खुणा असतील त्यांच्यावर.